जिथे बोट, तिथे माती

(दहावी १९९८ च्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



समितीने मला सांगितले, "तू कॉम्प्युटरवाली. तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटे बोल. पण आम्हाला समजेल असे बोल." यातली दुसरी अट अवघड आहे. आपल्या तुकडीतल्या बहुतेकांचे काम एका वाक्यात सांगता येते. कोणी बँकेत आहे, कोणी एसटीत, कोणाचा दवाखाना आहे, कोणाचा मूर्तींचा कारखाना आहे. माझे काम विचारले की आई अजूनही सांगते, "पुण्याला कॉम्प्युटरवर काहीतरी करते." आज त्या 'काहीतरी'चा हिशेब देते.

संगणकावर मूर्ती घडवायची सॉफ्टवेअर असतात. माती नाही, पाणी नाही. हातात एक पेन, समोर पडदा, आणि पडद्यावर मातीच्या गोळ्यासारखा दिसणारा गोळा. पेन फिरवले की गोळा फुगतो, दबतो, त्याला कडा येतात. अशा सॉफ्टवेअरच्या आतली यंत्रणा लिहिणे हा माझा व्यवसाय. त्यातला एकच कोपरा आज मी उघडून दाखवणार आहे: जिथे बारीक काम हवे, फक्त तिथेच बारीकपणा कसा आणायचा.

हाच विषय निवडण्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे आपण पेणकर. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला मूर्ती कशी होते हे शिकवावे लागत नाही. दुसरे कारण म्हणजे दुपारची बैठक. तुकडीने शाळेसाठी जमवलेल्या निधीचे काय करायचे ते आज ठरणार आहे, आणि बऱ्याच जणांचा कल थ्रीडी प्रिंटर घेण्याकडे आहे. त्यावर मला मत मांडायचे आहे. ते पटवायचे तर आधी हा कोपरा दाखवायला हवा.

मूर्ती नव्हे, मच्छरदाणी

संगणकातली मूर्ती भरीव नसते. समजा, गणपतीच्या मूर्तीवर मच्छरदाणी घट्ट ओढून चिकटवली आणि मग आतली मूर्ती काढून घेतली. मच्छरदाणी मात्र तशीच उभी राहिली. संगणकात असते ती ही मच्छरदाणी. तिला आम्ही मेश म्हणतो, मराठीत जाळी म्हणू. जाळीच्या गाठी म्हणजे शिरोबिंदू, दोन गाठींमधला धागा म्हणजे कडा, आणि धाग्यांमधली भोके म्हणजे पृष्ठे. भूमितीच्या तासाला ठोकळ्यावर बोट ठेवून मोजलेलेच हे शब्द. आमच्या जाळीतली भोके बहुधा त्रिकोणी असतात.

संगणक लक्षात ठेवतो ते फार थोडे. प्रत्येक गाठ अवकाशात कुठे आहे त्याचे तीन आकडे, आणि कुठल्या तीन गाठी मिळून एक त्रिकोण होतो त्याची यादी. बाकी डोळे, सोंड, पीतांबर, सगळे आपल्याला दिसते. संगणकाला फक्त गाठी दिसतात. पेन फिरवले म्हणजे गाठी हलवल्या, एवढेच त्याला कळते.

अडचण इथूनच सुरू होते. समजा सोंडेच्या टोकावर सहाच गाठी आहेत. तिथे मला वळ्या काढायच्या आहेत. सहा गाठी कितीही हलवल्या तरी वळ्या निघणार नाहीत, कारण वळी दाखवायला वर-खाली होणारी गाठच तिथे नाही. मातीत काम करणारा माणूस चिमूटभर माती घेतो, लावतो आणि कोरणीने ओढतो. जाळीत लावायला माती नाही. तिथे गाठी नव्याने जन्माला घालाव्या लागतात. त्या कुठे आणि किती घालायच्या, हाच सगळा प्रश्न.

पहिला मार्ग: सगळीकडे चौपट

सर्वांत सरळ उत्तर म्हणजे सगळी जाळीच बारीक करा. १९७८ मध्ये एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी याची एक सुंदर रीत मांडली. प्रत्येक चौकोनाचे चार चौकोन करायचे आणि नव्या-जुन्या गाठी आजूबाजूच्या गाठींची ठरावीक सरासरी काढून किंचित सरकवायच्या. पुन्हा पुन्हा केले की खडबडीत ठोकळा गुळगुळीत होत जातो. हे कॅटमल पुढे पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. त्याच कंपनीचा १९९७ चा 'जेरीज गेम' हा लघुपट, ज्यात एक म्हातारा स्वतःशीच बुद्धिबळ खेळतो, तो या पद्धतीच्या पृष्ठांवर उभा आहे. त्याला ऑस्करही मिळाले. त्रिकोणांसाठी अशीच रीत चार्ल्स लूप यांनी १९८७ मध्ये दिली.

ही रीत देखणी आहे, पण तिचा गुणाकार पाहा. घनाचे ६ चौकोन. एकदा बारीक केले की २४, मग ९६, मग ३८४. दहाव्या वेळी ६२ लाख ९१ हजार ४५६. सोंडेच्या टोकावर बारीकपणा हवा म्हणून दहा पायऱ्या चढलात, तर पाठीलाही तेवढाच बारीकपणा मिळतो, आसनाच्या तळालाही मिळतो.

गणिताच्या सरांसमोर उभी आहे, तर एक उदाहरण पूर्ण सोडवते. मूर्तीचे डोके साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा गोल मानू. गोलाचे पृष्ठफळ चार पाय आर वर्ग. त्रिज्या १०० मिलिमीटर, म्हणून १ लाख २५ हजार ६०० चौरस मिलिमीटर. पापणीची कड नीट यायला अर्ध्या मिलिमीटरचे त्रिकोण हवेत असे धरू. समभुज त्रिकोणाचे क्षेत्रफळ वर्गमूळ तीन भागिले चार गुणिले बाजूचा वर्ग, म्हणजे इथे सुमारे ०.१०८ चौरस मिलिमीटर. भागाकार केला की साडेअकरा लाखांच्या वर त्रिकोण लागतात, तेही एकट्या डोक्याला.

आता दुसरा हिशेब. डोळे, सोंडेच्या वळ्या आणि कपाळावरचे गंध मिळून १०० चौरस सेंटिमीटर जागा धरा. तेवढ्यातच अर्ध्या मिलिमीटरचे त्रिकोण ठेवले, तर लागतात साधारण ९२ हजार. उरलेल्या डोक्यावर, जिथे नुसता गुळगुळीत उतार आहे, तिथे ४ मिलिमीटरचे त्रिकोण चालतात. ते होतात सुमारे १७ हजार. दोन्ही मिळून १ लाख ९ हजार. बारीक आणि जाड यांच्या मधल्या पट्ट्यासाठी थोडे वाढवा. तरी साडेअकरा लाखांच्या जागी सव्वा लाखात काम होते आणि पाहणाऱ्याला फरक दिसत नाही.

कारखान्यात वाढलेल्यांना हा हिशेब नवा नाही. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो आणि त्याच्या हाताला मान वेगळा असतो. तो मूर्तीच्या पाठीवर तास घालवत नाही.

दुसरा मार्ग: पेन जिथे, गाठ तिथे

हे तत्त्व कलाकाराच्या पेनाखाली, काम चालू असतानाच चालवणारे एक छोटे सॉफ्टवेअर आले, त्याचे नाव स्कल्प्ट्रिस. टॉमस पेटरसन या स्वीडिश माणसाने ते एकट्याने लिहिले. संगणकीय शिल्पकलेतले मोठे नाव म्हणजे झेडब्रश. ते बनवणाऱ्या पिक्सोलॉजिक कंपनीने २०१० मध्ये स्कल्प्ट्रिस आपल्याकडे घेतले, आणि पुढे २०१८ च्या झेडब्रशमध्ये ही सोय मुख्य सॉफ्टवेअरमध्येच आली. त्याआधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरच्या २.६६ या आवृत्तीत निकोलस बिशप यांनी लिहिलेली अशीच सोय आली होती. तिचे नाव डायनॅमिक टोपोलॉजी. वापरणारे लाडाने 'डिनटोपो' म्हणतात.

आत काय चालते ते सांगते. ऐकायला भारी वाटले तरी सगळा माल दहावीच्या भूमितीचाच आहे.

कलाकार एक लांबी ठरवतो. समजा १ मिलिमीटर. पेन फिरले की त्याच्या वर्तुळात येणाऱ्या सगळ्या कडा संगणक मोजतो. १ मिलिमीटरपेक्षा लांब कडा दिसली की तिच्या मध्यबिंदूवर नवी गाठ. ती कडा दोन त्रिकोणांची सामाईक भिंत असते. म्हणून नव्या गाठीपासून दोन्ही बाजूंच्या समोरच्या कोपऱ्यांना धागे जोडायचे. दोन त्रिकोणांचे चार झाले.

इथे नवख्या प्रोग्रॅमरचा पाय हमखास घसरतो. गाठ घातली आणि आपल्याच बाजूचा त्रिकोण तोडला, शेजारचा तसाच ठेवला, तर काय होते? गाठ थोडी उचलली की शेजारच्या त्रिकोणाची भिंत सरळच राहते आणि मध्ये फट पडते. पडद्यावर ती केसाएवढी दिसते, पण तिथून जाळी गळकी झालेली असते. म्हणून नियम असा की बदल माझ्या घरात असला, तरी सामाईक भिंतीवर हात ठेवला की शेजाऱ्याला सोबत घ्यावेच लागते. स्थानिक बदल म्हणजे एकट्यापुरता बदल नव्हे.

सगळे बरोबर झाले की नाही हे तपासायला अठराव्या शतकातले एक सूत्र उपयोगी पडते. ऑयलरचे. शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठे. घनासाठी ८ वजा १२ अधिक ६, उत्तर २. भोके नसलेल्या कुठल्याही बंद आकाराला उत्तर २ च येते. आता आपली एक कडा तोडून पाहा. गाठ एक वाढली. कडा तीन वाढल्या: जुन्या एकीच्या दोन झाल्या आणि दोन नव्या धाग्यांची भर पडली. त्रिकोण दोन वाढले. एक वजा तीन अधिक दोन म्हणजे शून्य. सूत्राचे उत्तर हलले नाही. म्हणजे लाखो वेळा कडा तोडल्या तरी आकार मुळात बंदच राहिला, कुठे फाटला नाही. सर, तुम्ही हे सूत्र फळ्याच्या कोपऱ्यात लिहून "परीक्षेला येईल" म्हणायचात. परीक्षेला आले की नाही ते आठवत नाही, पण मला दर महिन्याला येते.

नुसत्या गाठी वाढवून भागत नाही, कमीही कराव्या लागतात. कलाकाराने एखादी घडी काढली, नंतर ती पसंत पडली नाही आणि गुळगुळीत करून टाकली. आता तिथल्या बारीक गाठी निरुपयोगी झाल्या. म्हणून आखूड कडा दिसली की तिची दोन टोके एकत्र आणून एकच गाठ करायची. एक गाठ कमी, तीन कडा कमी, दोन त्रिकोण कमी. सूत्र पुन्हा तेच. मात्र दोन टोके जुळवताना जाळी स्वतःवरच दुमडत तर नाही ना, हे आधी पाहावे लागते.

आता एक प्रश्न, हुशार मुलांसाठी. १ मिलिमीटरपेक्षा लांब कडा तोडायची, हे ठरले. मग किती आखूड झाली की जुळवायची? कोणी म्हणेल, १ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की. तसे केले तर सव्वा मिलिमीटरची कडा तोडून सव्वासहा दशांशचे दोन तुकडे होतील, लगेच ते आखूड म्हणून जुळवले जातील, पुन्हा लांब म्हणून तुटतील. पेन टेकवून ठेवले तर यंत्र जन्मभर हेच करत बसेल. तुकडा निम्म्याहून किंचित मोठा असतो, म्हणून खालची मर्यादा निम्म्यापेक्षा कमी हवी. ब्लेंडरमध्ये ती वरच्या मर्यादेच्या ०.४ पट ठेवलेली आहे. तो एक आकडा नसता, तर सगळी यंत्रणा थरथरत राहिली असती.

आणखी एक शहाणपण आहे. तोडायच्या कडांची रांग लावताना सर्वांत लांब कडा आधी घ्यायची. हाताला येईल ती तोडत गेलात, तर सुईसारखे लांबट त्रिकोण उरतात आणि त्यांच्यावर प्रकाश पडला की मूर्तीच्या गालावर सुरकुत्या दिसतात. ज्याची गरज सर्वांत मोठी, त्याचा नंबर पहिला. तसे केले की त्रिकोण बऱ्यापैकी समतोल राहतात.

आणि हे सगळे पेन हलत असताना, डोळ्याची पापणी लवण्याआधी व्हायला हवे. लाखो गाठींतून पेनाखालच्या पाचशे शोधायच्या कशा? पोस्टाच्या पिनकोडसारखे. सगळी जाळी डब्यांत वाटलेली असते, मोठ्या डब्यात लहान डबे. पेन कुठल्या डब्यावर आहे ते कळले की फक्त तोच उघडायचा. बाकी मूर्तीला हातही लावायचा नाही. चूक झाली म्हणून कलाकाराने मागे जायचे बटण दाबले, तरी तेवढाच डबा पूर्ववत करायचा.

किंमत काय मोजावी लागते

हा मार्ग फुकटचा नाही, हे सांगितले नाही तर माझ्याच धंद्यातले लोक मला हसतील.

पहिल्या मार्गात पायऱ्या असतात. दहाव्या पायरीवर पापण्या कोरून झाल्यावर तिसऱ्या पायरीवर उतरून अख्खी मान वळवता येते आणि वर चढले की पापण्या मानेबरोबर वळलेल्या असतात. दुसऱ्या मार्गात पायऱ्याच नाहीत. एकच जाळी, जाड-बारीक एकत्र. तिच्यात मोठा बदल उशिरा सुचला तर त्रास होतो. म्हणून मोठे आकार आधी पक्के करायचे आणि बारीक कामाला नंतर हात घालायचा, ही शिस्त माणसाने पाळावी लागते. सॉफ्टवेअर ती पाळायला लावत नाही. चित्रकलेच्या बाई एलिमेंट्रीच्या सरावाला सांगायच्या, "आधी कच्चे रेखाटन, पाकळीच्या शिरा शेवटी." तीच शिस्त.

दुसरी किंमत सिनेमावाल्यांना पडते. पडद्यावरचे पात्र बोलते, हसते. त्यासाठी डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती जाळीच्या रांगा वर्तुळाकार, शिस्तीत लागतात. डिनटोपोची जाळी गल्लीबोळांसारखी, वाट फुटेल तशी वाढलेली असते. म्हणून तिथे घडवण्याचे काम झाल्यावर वरून नवी शिस्तबद्ध जाळी विणतात आणि बारीक तपशील तिच्यावर उतरवून घेतात. हे वेळखाऊ काम आहे.

पण आपला गणपती बोलत नाही, चालत नाही. त्याला फक्त उभे राहायचे किंवा बसायचे असते. ज्या वस्तूचा शेवटी साचा होणार किंवा जी छापली जाणार, तिची आतली जाळी कशी विणली आहे याच्याशी कोणाला देणेघेणे नाही. वरचे पृष्ठ बरोबर हवे, जाळी कुठे गळकी नको, आणि साचा सुटेल असे आकार हवेत. म्हणजे सिनेमावाल्यांना या मार्गाची जी मोठी अडचण वाटते, ती मूर्तिकाराला लागूच होत नाही. पेणच्या कामाला हा मार्ग जवळजवळ बेतल्यासारखा बसतो.

मग हाताचे काय?

चहाच्या वेळी आपल्या एका मित्राने मला बाजूला घेऊन विचारले. त्याचे नाव घेत नाही, पण कारखाना त्याच्या आजोबांपासून आहे. तो म्हणाला, "मूळ मूर्ती आता कॉम्प्युटरवर करून प्रिंट काढून आणतात लोक. तुझी सॉफ्टवेअर चांगली झाली की माझ्या हाताचं काय? आणि पोराला मातीत बसवू की कॉम्प्युटरवर?"

त्याला खोटा धीर द्यायचा नाही. काही काम जाणार आहे. डावा कान केला की उजवा आपोआप होतो. एक फुटाची मूर्ती तीन फुटांची करायला नवी मूर्ती घडवावी लागत नाही, एक आकडा बदलावा लागतो. यावर ज्यांचे पोट होते, त्यांना याची झळ बसेल. ती बसणार नाही असे मी पुण्यात बसून सांगणे बरोबर नाही.

पण मघाची एक गोष्ट आठवा. "कलाकार एक लांबी ठरवतो," असे मी म्हणाले. ती लांबी संगणक ठरवत नाही. तो ठरवू शकेल का? आमच्या क्षेत्रात तसेही प्रयत्न आहेत. पृष्ठ जिथे जास्त वळते, तिथे जास्त त्रिकोण घालायचे, असा नियम संगणकाला शिकवता येतो, आणि पुष्कळ कामांना तो छान लागू पडतो. तो आपल्या गणपतीवर चालवून पाहा. सर्वांत जास्त वळणे कुठे असतात? पीतांबराच्या निऱ्यांत, मुकुटाच्या नक्षीत, हाराच्या मण्यांत. संगणक बहुतेक त्रिकोण तिथेच ओतेल. डोळ्याचा उतार त्या मानाने साधा, संथ. त्याच्या वाट्याला फार कमी येतील. पण मूर्ती घरी नेणारा माणूस आधी काय पाहतो? डोळे. ते प्रसन्न नसले, तर निऱ्या कितीही सुबक असल्या तरी तो दुसरी मूर्ती दाखवा म्हणतो. वळण मोजता येते, महत्त्व मोजता येत नाही. महत्त्व कुठे आहे हे ज्याने शेकडो गिऱ्हाइकांचे चेहरे पाहिले आहेत, त्यालाच ठाऊक.

दुसरी बाजूही त्यालाच ठाऊक असते: बारीकपणा कुठे वाया जातो. साधा प्लास्टिकच्या तारेचा प्रिंटर बहुधा ०.२ मिलिमीटरच्या थरांत छापतो. त्याहून बारीक कोरलेले त्या छपाईत दिसणारच नाही. वर साचा, मग ओतकाम, मग घासणे, मग रंगाचे हात. प्रत्येक पायरीत थोडा तपशील बुजतो. किती बुजतो हे मूर्तिकार अंगठा फिरवून सांगतो आणि म्हणून मुळात थोडे खोल कोरतो. संगणकावर तयार झालेली नवी मुले पडद्यावर सुरेख दिसणारे कोरतात, आणि रंग लागल्यावर ते सगळे सपाट होते.

म्हणून मित्रा, तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर: पोराला आधी मातीतच बसव, पण तिथेच थांबवू नकोस. हात तयार असलेला मुलगा पेनही पटकन उचलेल. नुसते सॉफ्टवेअर शिकलेल्या मुलाला तुझा अंगठा शिकवायला कोणी भेटणार नाही.

निधीबद्दल

आता दुपारच्या बैठकीचा विषय. थ्रीडी प्रिंटर घेऊ नये असे माझे मत नाही. तो आधी घेऊ नये, असे आहे.

प्रिंटर ही शेवटची पायरी आहे. छपाई पैसे देऊन बाहेरून करून आणता येते. शाळेत यंत्र आणून ठेवले की पहिल्या वर्षी उद्घाटनाचे फोटो निघतील, मुले इंटरनेटवरून तयार आकृत्या उतरवून किल्ल्यांना लावायची खेळणी छापतील, आणि एक दिवस तार अडकली की त्यावर कापड पडेल. घडवायला कोणी शिकलेले नसेल.

त्याऐवजी हा पैसा जिथे हात तयार होतात तिथे घालू. सॉफ्टवेअर विकत घ्यायचे नाही. ब्लेंडर मोफत आहे, आणि ते मोफत कसे झाले ही गोष्ट आपल्या मंडळवाल्यांना आवडेल. ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर टॉन रोझेन्डाल या डच गृहस्थांनी २००२ मध्ये लोकांकडून वर्गणी मागितली. सात आठवड्यांत १ लाख युरो जमले आणि सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले झाले. वर्गणीतून सुटलेल्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या 'फ्लो' या लॅटव्हियाच्या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

काल शाळेच्या संगणक खोलीत बसून मी ते प्रत्यक्ष घालून पाहिले. आठ यंत्रांपैकी पाचांवर नीट चालते. साडेअकरा लाख त्रिकोणांची मूर्ती त्या यंत्रांना झेपली नाही, पण सव्वा लाखाची व्यवस्थित फिरते. आज इतका वेळ सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ एवढाच आहे. बारीकपणा हवा तिथेच घातला, तर जुन्या यंत्रावरही चांगली मूर्ती घडते. नवी यंत्रे आल्याशिवाय सुरू करता येणार नाही, ही सबब उरत नाही.

माझा प्रस्ताव असा. निधीतून पाच पेन-टॅबलेट घ्यावेत, म्हणजे मुलांना माउसने नव्हे, हाताच्या दाबाने कोरता येईल. शाडूची माती, कोरण्या आणि फिरते पाट घ्यावेत. आठवी-नववीच्या दहा मुलामुलींचा वर्ग सुरू करावा. एका शनिवारी माती, पुढच्या शनिवारी तीच आकृती संगणकावर. मातीचा शनिवार कारखानदार मित्रांनी घ्यावा. संगणकाचा शनिवार मी घेईन, महिन्यातून दोनदा पुण्याहून येईन. मघाच्या मित्राला मी सर्वांसमोर विचारते आहे, म्हणजे त्याला नाही म्हणता येणार नाही. श्रावण-भाद्रपदात त्याला सुट्टी, हे मान्य.

वर्षअखेरीस ज्या मुलाची मूर्ती मातीतही आणि पडद्यावरही उभी राहील, तिची छपाई बाहेरून करून आणू. अशा मूर्ती दरवर्षी पाच-सहा व्हायला लागल्या की प्रिंटर घेऊ. तेव्हा त्याच्यावर कापड पडणार नाही.

आमच्या सरांना आणि बाईंना एक सांगायचे आहे. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांवर सारखे लक्ष देणे कोणालाच शक्य नसते. पण कोणाला कुठे अडते आहे ते पाहून, त्या दिवशी त्याच्याच बाकाशी तुम्ही थांबायचात. मला त्रिमितीय आकृत्या फळ्यावर दिसत नव्हत्या, तेव्हा सरांनी खडूच्या खोक्याचे सहा कोपरे मला मोजायला लावले आणि म्हणाले, "उरलेले दोन मागे आहेत, फिरवून बघ." माझे पोट त्या फिरवून बघण्यावर चालते.

वेळ संपली आहे, घंटा वाजवायला समितीचे हात शिवशिवत आहेत. बैठक अडीच वाजता, चित्रकलेच्या वर्गात. कृपया या.